एकतीस नंबरचा ब्रेक

मी आयुष्यात एकच स्पोर्ट्स कार बघायला गेलो आणि तिच्यातून मला बाहेर काढायला तीन माणसं लागली. त्यातली एक माझी बायको होती, दुसरा माझा मेहुणा, आणि तिसऱ्या बाईंना मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

मी तेहतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन केडगावच्या घरी बसलो. निवृत्त माणसाला सगळे दोनच सल्ले देतात : फिरायला जा आणि बाग करा. मी दोन्ही केलं. फिरायला गेलो तर कॉलनीतली कुत्री मागे लागली, आणि बागेत सहा महिन्यांच्या मशागतीनंतर एक टोमॅटो आला. मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या टोमॅटोचा फोटो काढून आमच्या मुलीला, केतकीला, पुण्याला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बाबांचं यंदाचं उत्पन्न.'

अशा अवस्थेत असताना एका सकाळी बेलापूरहून दिलीपचा फोन आला. दिलीप हा मंगलचा धाकटा भाऊ. त्याने बेलापूरला शेती घेतली आहे आणि गावातली प्रत्येक बातमी त्याला ती घडण्याच्या थोडी आधीच कळते.

"दाजी," तो म्हणाला, "डॉक्टरांची लाल गाडी काकूंना इकायची हाय म्हनं."

मी चहाचा कप खाली ठेवला. ती गाडी मी ओळखत होतो. मी कॉलेजात शिकायला श्रीरामपूरला सायकलवरून जायचो तेव्हा रस्त्यात ती मला ओलांडून जायची. बुटकी, लाल, दोनच दारं, वर कापडी टप आणि तो टप बहुतेक वेळा मागे दुमडलेला. बेलापूरच्या डॉक्टरांनी ती मुंबईहून, कुठल्याशा परदेशी साहेबाकडून घेतली होती. गाडी गेली की पाठोपाठ धूळ यायची, आणि मी सायकल थांबवून ती धूळ अंगावर बसेपर्यंत तिथेच उभा राहायचो. इतर मुलं नटीच्या प्रेमात होती. मी त्या धुळीच्या. (गाडीच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीचा काहीही दोष नाही.)

डॉक्टर जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी त्यांच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, वय ऐंशीच्या पुढे. मुलं परदेशात.

मी मंगलला हा विषय अत्यंत सहजपणे, भाजी निवडता निवडता सांगितला. मी भाजी कधीच निवडत नसल्यामुळे तिला लगेच संशय आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या गाडीत गॅसची टाकी बसेल का. मी म्हटलं, बसणार नाही. केतकी आली तर ती कुठे बसेल? मी म्हटलं, गाडी दोघांचीच आहे. मग मंगलने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "घ्यायची की नाही ते नंतर बघू. पण नीट तपासून घ्या. तुम्हाला मागे मिक्सर विकला होता ना कुणीतरी."

मिक्सरचा विषय इथे आणायची खरं तर गरज नव्हती. पण तो आला आणि मी इरेला पेटलो. म्हटलं, या वेळी अशी तपासणी करतो की बघणाऱ्याने वही घेऊन टिपणं काढावीत.

पुढचे पंधरा दिवस मी मोबाईलवर जुन्या स्पोर्ट्स गाड्या कशा तपासाव्यात याचे व्हिडिओ पाहिले. सांगणारे सगळे गोरे, सगळ्यांचे हात स्वच्छ आणि सगळ्यांच्या मागे भिंतीवर पाने-हातोडे चढत्या क्रमाने लावलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जुनी गाडी बाहेरून जितकी चमकते तितकी आतून सडलेली असू शकते, तेव्हा रंगाला भुलू नका, खाली वाका. मी शंभर पानी वही घेतली, समास आखला आणि बेचाळीस मुद्दे काढले. गंज एक ते नऊ. इंजिन दहा ते वीस. पुढे विजेच्या वायरी, दिवे, हॉर्न, टप. ब्रेक एकतीस नंबरला. यादी मुद्देसूद होती. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो की उत्तर क्रमाने लिहा, मधलं आधी लिहू नका. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

एका रविवारी आम्ही बेलापूरला पोचलो. माझ्याकडे वही, टॉर्च, गुडघ्याखाली घालायला उशी आणि चुंबक. चुंबक फ्रिजवरचं होतं, वांग्याच्या आकाराचं. (व्हिडिओतल्या माणसाकडे चामड्याच्या पाकिटातलं होतं, पण भौतिकशास्त्र दोन्हींना सारखंच लागू पडतं.)

काकू ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. बारीक अंग, पांढरे केस, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि मला विचारलं, आधी बसता की आधी बघता. मी म्हटलं, आधी बघतो, शास्त्रशुद्ध पद्धतीने. त्यांनी मंगलकडे पाहिलं. मंगलने त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्या दोघींची ओळख झाली असावी, कारण पुढे दोन तास त्या एकमेकींशीच बोलत होत्या.

दिलीपने शेडचं दार ओढलं. आत गव्हाची पोती होती, मोडका पाळणा होता आणि एका जुन्या चादरीखाली ती होती. चादर काढली आणि मला एकदम एकोणीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. लाल रंग विटला होता, पुढच्या एका दिव्यात कोळ्याने संसार थाटला होता, पण आकार तोच. लांब नाक, बसकी पाठ. दिलीप म्हणाला, "दाजी, लई बुटकी हाय. आमच्या वासराला बी दिसायची न्हाई."

मी वही उघडली.

मंगलने मात्र यादीच्या आधीच काकूंना कागद मागितले. माझ्या यादीत कागद चाळीस नंबरला होते. काकूंनी पिशवीतून आरसी काढली. डॉक्टर गेल्यावर त्यांनी ती स्वतःच्या नावावर करून घेतली होती, त्यासाठी आरटीओच्या चकरा मारल्या होत्या, मुलांची संमतीपत्रंही जोडली होती. मंगलने विचारलं, कागदावरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा एकच आहे ना? मी टॉर्च घेऊन वाकलो. नंबर होता, पण गंजाने आकडे पुसट झाले होते. शेवटचा आकडा तीन होता की आठ, यावर मी आणि दिलीप वाद घालत होतो. मंगलने माझ्या वहीचं पान फाडलं, नंबरवर धरलं आणि पेन्सिल आडवी करून वरून घासली. लहानपणी नाण्याचा छाप काढतात तसा. आठ उमटला. कागदाशी जुळला. तिने पान काकूंना दाखवलं आणि परत ओट्यावर जाऊन बसली. तिचं काम संपलं होतं.

माझं सुरू झालं. मी चुंबक घेऊन गाडीभोवती फिरू लागलो. पत्रा खरा असेल तर चुंबक चिकटतं, आणि पत्रा सडल्यावर आत लांबी भरून, म्हणजे पुट्टी लावून वरून रंग दिला असेल तर पडतं. दार, नाक, पाठ, सगळीकडे वांगं चिकटलं. मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला लावलं आणि ते टपकन खाली पडलं.

"इथे लांबी भरलेली आहे," मी विजयाने जाहीर केलं.

"हो," काकू ओट्यावरून म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला यांनी फाटकाला घासली. त्यानंतर चार दिवस जेवले नाहीत नीट."

मी वहीत नोंद केली. मग आतली सतरंजी उचलली. (पायाखालचा पत्रा हमखास सडतो, मुद्दा क्रमांक चार.) सतरंजीखाली पत्रा नव्हता. भोक होतं, ताटलीएवढं. त्यातून जमीन दिसत होती, आणि जमिनीवर एक कोंबडी उभी होती आणि तीही वर बघत होती.

"तिथे भोक आहे," काकू म्हणाल्या. "मी सांगणार होते."

मी म्हटलं, काकू, तुम्ही त्रास घेऊ नका, मी एकेक बघतोच आहे. त्या म्हणाल्या, बरं. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि ते ब्रेकचं..." मी त्यांना थांबवलं. म्हणालो, ब्रेक एकतीस नंबरला आहेत, क्रमाने येतील.

आज हे लिहितानाही मला माझा तो आवाज ऐकू येतो. वर्गात मधेच शंका विचारणाऱ्या मुलांसाठी मी तो राखून ठेवलेला असे.

इंजिन गार असताना सुरू करून बघावं, असं व्हिडिओत सांगतात. हे इंजिन अकरा वर्षं गार होतं, त्यामुळे याबाबतीत तक्रारीला जागा नव्हती. दिलीपने ट्रॅक्टरची बॅटरी आणली, टाकीतलं शिळं पेट्रोल उपसून नवं घातलं, प्लग पुसले. धूर शेडमध्ये कोंडेल म्हणून आम्ही गाडी ढकलत अंगणाबाहेर गल्लीत आणली. गल्लीला उतार आहे. डॉक्टरांच्या घरापासून ती सरळ खाली जाते आणि शेवटी प्रवरेच्या घाटाच्या पायऱ्या लागतात. म्हणून दिलीपने पुढच्या चाकाखाली एक चांगला मोठा दगड लावला. दगड लावला, हे मी स्वतः पाहिलं होतं. यातच मी निर्धास्त झालो.

मग मी गाडीत बसलो. बसलो हा शब्द बरोबर नाही. त्या गाडीची बैठक जमिनीपासून वीतभर उंच. मी एक पाय आत टाकला, दाराला धरून वाकलो आणि पुढचं काम गुरुत्वाकर्षणाने केलं. खाली आपटलो तेव्हा माझे गुडघे माझ्या हनुवटीच्या बरोबरीने होते. पण हातात ते लाकडी स्टीअरिंग आलं आणि मी सगळं विसरलो. किल्ली फिरवली. गाडी तीनदा खोकली. चौथ्यांदा सुरू झाली.

तो आवाज! चाळीस वर्षांनी तोच आवाज, आणि या वेळी तो मला ओलांडून जात नव्हता, मी त्याच्या पोटात बसलो होतो. ओट्यावर काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांचा हात चष्म्याच्या दोरीवर होता. मला वाटलं, आपण रडणार. म्हणून मी घाईने वही उघडली आणि धुराच्या मुद्द्यावर आलो. निळा धूर असेल तर इंजिन ऑईल पितंय, पांढरा असेल तर पाणी आत शिरतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. मी आरशात बघत होतो. धूर काळा होता.

त्याच क्षणी पुढून दिलीपने ओरडून विचारलं, "दाजी, दगड काढू का?"

इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं, "दाजी, धूर काळा का?"

मेहुण्याला एवढी समज आहे याचं मला कौतुक वाटलं. मी मान हलवून म्हणालो, "हो, हो."

दिलीपने दगड काढला.

गाडी आधी विचार करून मग हळूच निघाली. मी ब्रेक दाबला. पाय थेट खाली गेला, काहीही न अडवता, जणू तिथे ब्रेक नसून नुसती जागा ठेवलेली होती. पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. हँडब्रेक ओढला, तो वर आला आणि वरच राहिला, गाडी मात्र चालतच होती. इथे मी काय करायला हवं होतं हे मला आज माहीत आहे. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाकायला हवी होती. मी हॉर्न वाजवला. हॉर्न उत्तम वाजला. (मुद्दा क्रमांक सत्तावीस.)

वेग काही फार नव्हता. माणूस झपझप चालेल तेवढा. त्यामुळे दिलीप एका बाजूने दाराला धरून आणि मंगल दुसऱ्या बाजूने पदर खोचून, असे दोघं माझ्याबरोबर गल्लीतून खाली येत होते. घरांच्या दारांत माणसं उभी राहिली. एकाने मला रामराम केला. मीही हात जोडणार होतो.

"अहो, उतरा," मंगल म्हणाली.

"उतरता येत नाहीये."

"का?"

"गुडघे."

तिने पुढे बघितलं. पुढे पायऱ्या दिसत होत्या आणि पायऱ्यांच्या खाली पाणी चमकत होतं. आता सांगताना मी हसतो, पण त्या क्षणी मी हॉर्न सोडून स्टीअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. पायऱ्यांच्या अलीकडे डाव्या हाताला एका घरापुढे उसाच्या वाढ्याचा ढीग होता. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा. मंगलने उघड्या टपातून हात आत घातला, माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि स्टीअरिंग डावीकडे ओढलं. मी उजवीकडे ओढत होतो, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "सोडा." मी सोडलं.

गाडी वाढ्याच्या ढिगात शिरली, नाकापासून दारापर्यंत. इंजिन बंद पडलं. सगळीकडे एकदम शांत झालं. माझ्या मांडीवर वाढं होतं, वहीत वाढं होतं आणि डाव्या बाजूने एका म्हशीने मान आत घालून माझ्या खिशाजवळचं वाढं खायला सुरुवात केली.

घरातून एक बाई बाहेर आल्या. त्यांनी गाडी बघितली, मला बघितलं, म्हशीला बघितलं. मग अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "सायेब, ह्ये वाढं म्हशीचं हाय."

मी म्हटलं, हो, माझी काही हरकत नाही.

मग मला बाहेर काढण्याचा कार्यक्रम झाला. दिलीपने काखेत हात घातला, त्या बाईंनी पाय धरले आणि मंगलने सूत्रं हातात घेतली. ती पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, माणूस कसा उचलावा हे तिला माहीत आहे. ती म्हणाली, तुम्ही काही करू नका, अंग सैल सोडा आणि मी सांगेपर्यंत मदत करू नका. लग्नात मी अंग असं सैल सोडलं होतं, त्यानंतर हे दुसऱ्यांदा. तिसऱ्या झटक्याला मी बाहेर आलो. म्हैस खातच होती.

ओट्यावर परत येताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं की विषय संपला. काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ब्रेकमध्ये तेल नाही, हेच सांगत होते मी." आणि चहा ठेवायला आत गेल्या. रागावल्या नव्हत्या. मला ते जास्त लागलं.

चहा पिताना त्या बोलू लागल्या. डॉक्टरांनी ही गाडी त्यांना न विचारता आणली होती. घरात दोन लहान मुलं, सासू, आणि गाडी दोघांची! त्या महिनाभर तिच्यात बसल्या नाहीत. मग एकदा डॉक्टर म्हणाले, फक्त पुलापर्यंत जाऊन येऊ. त्या गेल्या. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी दोघं पुलापर्यंत जाऊन येत, शेवटच्या वर्षापर्यंत. आधी चार-पाच जण गाडी बघून गेले होते. सगळ्यांनी बॉनेट उघडलं, भाव पाडला. एकाला तर ती लग्नाच्या हॉलपुढे शोभेला उभी करायची होती. "मला ती चालताना बघायचीय," काकू म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे न बघता मंगलला विचारलं, "तुला गाडी येते का गं?"

मंगल म्हणाली, येते. राजूरच्या दवाखान्यात सहा वर्षं होती. ड्रायव्हर नसला की जीप तीच काढायची. एकदा पावसात, मागे अडलेली बाळंतीण घेऊन डोंगरातल्या वस्तीवरून खाली आली होती. तेही ब्रेक धड नसलेल्या जीपमधून, गिअरवर.

हे मला माहीत होतं. म्हणजे ऐकलेलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी. पण आमच्या घरात गाडी नेहमी मी चालवायचो, आणि मंगल शेजारी बसून फक्त 'समोर ट्रक आहे' एवढंच म्हणायची. त्यामुळे ते माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती बिस्कीट चहात बुडवत होती.

पुढच्या आठवड्यात मी हमीदला बेलापूरला नेलं. हमीदचं नगरला गॅरेज आहे आणि तो माझा जुना विद्यार्थी आहे. अकरावीला त्याला फिजिक्समध्ये काठावर पास करताना मी त्याला सांगितलं होतं की बाबा रे, हा विषय तुझा नाही. त्याने हातात काही घेतलं नाही, ना वही ना चुंबक. आधी काकूंपुढे बसला आणि विचारलं, अम्मी, गाडीला काय काय झालंय ते तुम्हीच सांगा. काकूंनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं, कुठल्या वर्षी काय झालं त्यासकट. मग तो गाडीखाली गेला, बोटांनी चाचपत, इकडे तिकडे टिचकी मारत, आणि बाहेर येऊन म्हणाला की सांगाडा ठणठणीत आहे, इंजिन चांगलं आहे, खालचा पत्रा नवा घालावा लागेल आणि ब्रेकचं सगळं रबर वाळून तेल गळून गेलंय.

मी विचारलं, पण ब्रेक अजिबातच कसा लागला नाही?

हमीदने पँटला हात पुसले. त्याच्या चेहऱ्यावर आदर होता, म्हणून मला जास्त अवघडल्यासारखं झालं. "सर, तुम्हीच शिकवलं होतं ना. बंद नळीतल्या द्रवाला एका टोकाला दाबलं की दाब सगळीकडे सारखा पोचतो."

"हो."

"पण सर, द्रव पाहिजे."

तेहतीस वर्षं मी तो नियम फळ्यावर काढला. प्रत्येक वर्षी उदाहरण म्हणून मोटारीचा ब्रेक दिला. आकृती तर डोळे मिटून काढायचो. दिलीप बाजूला उभा राहून खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

गाडी टेम्पोत घालून हमीदच्या गॅरेजला गेली. दोन महिने लागले. मी रोज जाऊन बसायचो. हमीद नंबर सांगून पाना मागायचा आणि मी तो आणून द्यायचो. तीनदा चुकीचा दिला. गाडी तयार झाल्यावर रंग मात्र काकूंच्या सांगण्यावरून तसाच ठेवला. फाटकाला घासल्याची खूणही तशीच. व्यवहाराचं बोलणं काकूंनी आणि मंगलने स्वयंपाकघरात उरकलं आणि मला ते चहाबरोबर कळवण्यात आलं. गाडी कुणाच्या नावावर करायची हेही तिथेच ठरलं होतं. मी सहीसाठी पेन काढला तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्ही साक्षीदार म्हणून करा."

मग चालवून बघायची वेळ आली. गाडी डॉक्टरांच्या घरापुढे उभी. टप मागे दुमडलेला. मंगल स्टीअरिंगवर बसली, कुठेही न आपटता. शेजारचं दार उघडं होतं. मी तिकडे निघालो होतो. तेवढ्यात काकू काठी टेकत ओट्यावरून उतरल्या. डोक्यावरून रुमाल बांधलेला, पायात चपला नव्या. दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्यासाठी दार धरलं. त्या ऐंशीच्या बाई अशा सहज आत बसल्या की माझ्या गुडघ्यांना लाज वाटावी.

गाडी निघाली. गल्लीच्या वरच्या टोकाला वळताना मंगलने ब्रेक लावून बघितला. मागचे लाल दिवे लागले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मग पुन्हा निघाली. काकूंच्या रुमालाचं टोक वाऱ्यावर उडत होतं. त्या पुलापर्यंत जाऊन येणार होत्या. सव्वा तासाने परत आल्या. दोघींचे डोळे लाल होते. वारा लागला, असं मंगल म्हणाली. काकू म्हणाल्या, हो, वारा. पहिल्यांदाच मी यादी न काढता गप्प बसलो होतो.

आता गाडी केडगावला आमच्या दारात असते. दर रविवारी मंगल ती घेऊन बेलापूरला जाते, काकूंना पुलापर्यंत फिरवून आणते. सीट दोनच असल्यामुळे मी एसटीने जातो. दिलीप म्हणतो, दाजी, तुमी मोटारसायकल घ्या. मी यादी करतो आहे.

परवा कॉलनीत एक जण भेटले. त्यांनी रस्त्यात मला थांबवून हात हातात घेतला आणि म्हणाले, सर, या वयात स्पोर्ट्स कार घेतलीत, मानलं तुम्हाला. कशी चालते हो?

मी म्हटलं, "मागून बघायला तर फारच सुंदर चालते."